पिसांची वाटणी

जंगलात उंबर पहिल्यांदा पिकला, तेव्हाची गोष्ट. धनेशीण चिखलाने लिंपलेल्या ढोलीत अंड्यावर बसली होती. उडायची पिसं तिने तिथेच गाळली होती; फळं नवरा लिंपणातल्या फटीतून भरवायचा. नवऱ्याने बाहेरूनच काडीमोड मागितला.

म्हातारा झाला म्हणून पंच झालेला एक धनेश खेकसला, "ढोली तुझी, उंबर त्याचा. तू नुसतं बसून खाल्लंस!"

उंबर गेला तर अंड्यातून येणारं पिल्लू उपाशी मरणार होतं. धनेशिणीने फटीतून पिसं बाहेर ढकलली. "आजोबा, हीपण वाटणीत धरा."

"पिसं काय, पुन्हा येतात!"

"मग ती येईपर्यंत उंबर माझा, आणि फळं त्याने आणायची. तसा करार करा."

"निर्लज्ज! आमच्या बायका कधी असं बोलल्या?"

पलीकडच्या ढोलीतून टकटक ऐकू आली. म्हाताऱ्याची बायको आतून चिखल फोडत होती.