पिंजऱ्याची चावी

"मग सर, आता तरी पिंजऱ्याची चावी मला देणार की नाही?"

निनाद विचारत होता. तांबोळी सर दोन पेल्यांत चहा ओतत होते.

डोंगराच्या पायथ्याला पत्र्याची मोठी शेड. शेडमध्ये जाळीचा पिंजरा. त्यात माणसाएवढे उंच लोखंडी डबे, त्यांत वीज साठवायची. डब्यांना जोडलेले पितळेचे दोन गोळे, मधे बोटभर फट. त्या फटीत लेसरचा किरण पडला की साठलेली वीज एकदम उडी मारून पलीकडे जायची. हे लेसरचं काम निनादनं बसवलं होतं.

चावी एकच. ती ज्याच्या खिशात, त्यानंच पिंजरा उघडायचा. आजवर ती सरांच्याच खिशात असायची.

"आधी दाखव," सर म्हणाले.

निनादनं बटण दाबलं. फाट्... निळा उजेड आला आणि गेलासुद्धा.

"बघितलंत?"

"पापणी लवली बाबा माझी. राहिलं बघायचं."

"पापणी? या विजेपुढे तुमची पापणी म्हणजे बैलगाडी, सर!"

सर हसले. मग म्हणाले, "काल तुझ्या आईचा फोन आला होता."

"तुम्हाला? अरे देवा... मी जेवलो का, हे विचारायला?"

"तेही विचारलं. मग म्हणाल्या, आत जाताना त्याच्याबरोबर कोण असतं?"

"तिला काय कळतंय यातलं! काय सांगितलंत?"

"उद्या सांगतो म्हटलं."

सरांनी विजेचा खटका बंद केला आणि पिंजरा उघडला. "डब्यात किती उरली?"

"काही नाही. मीटर बघा की. शून्य."

"काठी लाव."

दाराशी एक लांब काठी टांगलेली होती. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याची तार थेट जमिनीत. उरलीसुरली वीज तिच्यातून मातीत जाते. निनादनं आकडा डब्याला टेकवला. काही झालं नाही.

"रिकामा," तो म्हणाला आणि काठी परत खुंटीला अडकवली.

सर त्या काठीकडे बघत राहिले...

"चल, चहा घे," ते म्हणाले.

"आत्ता?"

"निवतोय."

निनादनं उभ्यानंच पेला संपवला. सर एकेक घोट फुंकून पीत होते.

"सर, तुम्ही एक घोट घेईस्तोवर माझी वीज लाख वेळा गेली असती."

"गेली असती," सर म्हणाले आणि पुन्हा फुंकर घातली.

चहा संपला. "गोळे काळे पडलेत. पुसून घे जरा."

निनाद फडकं घेऊन आत गेला. सर त्याच्या मागेच होते. त्यानं गोळ्याकडे हात नेला, तोच सरांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं काठी पुढे केली.

"आत्ताच तर लावली होती..." निनाद पुटपुटला. तरी त्यानं आकडा टेकवला.

खाड्!

पांढरीफेक ठिणगी उडाली. फडकं हातातून खाली पडलं.

"कुणी... कुणी भरली ही?"

"कुणीच नाही."

निनादनं डब्याकडे वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मला माहीत आहे हे, सर. डब्याच्या आतल्या कागदात थोडी वीज मुरून राहते. मग सावकाश वर येते. परीक्षेत लिहिलंय मी."

"मार्क?"

"पैकीच्या पैकी."

निनादनं आकडा पुन्हा डब्याला अडकवला. काठी ओढून बघितली, नीट बसलाय ना. ती तशीच लटकत ठेवून तो बाहेर येऊन बसला. फडकं आतच राहिलं. चावीचं त्यानं नाव काढलं नाही.

सरांनीच ती त्याच्या पेल्याशेजारी ठेवली.

"राहू द्या, सर. अजून थोडे दिवस."

सरांनी चावी उचलली, त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि फोन लावला.

"नमस्कार ताई, तांबोळी बोलतोय. हो, हो, जेवला... काल तुम्ही विचारलंत ना, त्याचं सांगायचं होतं. उद्यापासून निनाद आत एकटा जाईल."

पलीकडून आई घाईघाईनं काहीतरी बोलली. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"नाही ताई, आता काळजी नको," ते म्हणाले. "आजपासून तो घाबरतो."