हौसाक्काची रानतुळस

कान इकडे करा, आणि चुळबुळ बंद! ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. घाटाखालच्या खडकआंब्याला तेव्हा धड रस्ता नव्हता, मग वैद्य कुठला? होती ती हौसाक्का, झाडपाल्याचं औषध देणारी. बाई जिभेची तिखट, पण हाताला गुण. असं म्हणतात, तिनं नाडी धरली की ताप उंबऱ्यातसुद्धा थांबत नसे.

एका साली तापाची साथ आली. हौसाक्कानं रानतुळशीचा काढा दिला आणि घरोघरी परसात रानतुळस लावायला सांगितली. "मंजिरी दिसली की खुडायची," तिनं बजावलं. "फुलोरा धरला की पाला कमी होतो." खडकआंब्याची माणसं म्हणजे एक सांगितलं की दोन करणारी! परसातल्या खुडल्याच, वर डोंगरावरच्या रानतुळशीलाही मंजिरी म्हणून ठेवली नाही. ताप गेला, पण खुडणं दर साली चालूच राहिलं. हौसाक्काचा शब्द गावाला देवाचा शब्द झाला.

पण पुढच्या साली वेलींना काय झालं कोण जाणे. भोपळा, दोडका, काकडी फुलांनी भरून यायची आणि फुलामागची गोटीएवढी फळं पिवळी पडून गळायची. तीन वर्षं हेच. शेवटी सिदगोंडा पाटलानं पारावर सांगून टाकलं, "जागा रुसली. दिवाळी झाली की गाव हलवायचं."

हौसाक्काला ते पटेना. सगळी हयात इथं गेली, आता म्हातारपणी कुठं जायचं? दुसऱ्या दिवशी सकाळीच ती भोपळ्याच्या वेलापाशी जाऊन बसली. फुलं उमलली, ऊन चढलं, पण एक मधमाशी फिरकली नाही; माशी बसल्याशिवाय फळ धरणार कसं? मग तिच्या लख्ख ध्यानात आलं. पाऊस सरला की त्या डोंगरावर माश्यांची पोटं भरायची ती रानतुळशीच्या मंजिऱ्यांवर, आणि त्या तर तिनंच खुडायला लावल्या होत्या!

बाई ढसाढसा रडली, पण तोंड लपवलं नाही. पारावर उभी राहून म्हणाली, "चूक माझी हाय. जागेला बोल लावू नका. औंदा एक मंजिरी खुडू नका. वेल धरला न्हाई, तर मला हितं टाकून खुशाल जावा."

"आन् ताप आला तर, आक्का?" पाटलानं विचारलं.

"मिळंल त्या पाल्यात भागवू."

लोक चिडले, कुरकुरले, पण ऐकलं. नवरात्रात सगळा गाव मंजिऱ्यांनी घमघमला. माश्यांचा मात्र पत्ता नाही. तेव्हा हौसाक्का मंजिऱ्यांनी ओटी भरून एकटीच डोंगरातल्या मोहोळाच्या कड्यावर चढली. तिथं ती काय बोलली, कुणाला ठाऊक नाही. पण असं म्हणतात, ती उतरली तेव्हा पदराला अख्खं मोहोळ लटकलं होतं, पांढऱ्या केसांतून माश्या चालत होत्या, आणि एकीनंही डंख मारला नाही. खरंखोटं तो कडा जाणे! त्या साली एकेक भोपळा दोघांनी उचलून घरी आणला म्हणे. दिवाळी आली नि गेली, कुणी बोचकं बांधलं नाही.

पुढं एके दिवशी हौसाक्का त्याच कड्यावर गेली ती परत आलीच नाही, असं म्हणतात.

आजही खडकआंब्यात प्रत्येक परसात रानतुळस फुलू देतात. घरात लेकरू तापानं फणफणत असलं, तरी बाई पाल्याला हात लावण्याआधी थांबते, विचारते, "आक्का, घेऊ का गं?" माश्यांची गुणगुण ऐकू आली तर आक्का हो म्हणाली असं समजून चार पानं घेते. नाही आली, तर तशीच मागं फिरते आणि तिच्या परसात विचारून बघायला शेजारणीचं दार वाजवते.