बिनतोंडाचा शिपाई

खूप जुनी गोष्ट. समुद्रावर तेव्हा शिडांचीच गलबतं चालायची. एका बंदरात एक शेट राहत होता. त्याचा व्यापार दूरदूरच्या मुलखांत, पण जीव मात्र घरातल्या एका शिसवी पेटीत अडकलेला.

त्या पेटीत वलंदेज, म्हणजे डच, व्यापाऱ्यांच्या सोन्याच्या मोहरा होत्या. प्रत्येक मोहरेवर चिलखत घातलेला एक शिपाई, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात बाणांची जुडी आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला मोहर पाडल्याचं साल. शेटने एकेका सालची मोहर हौसेने जमवली होती. मखमलीत प्रत्येकीसाठी खळगा होता, आणि एकच खळगा रिकामा होता. पाहुणे भरलेले खळगे पाहून थक्क होत. शेटला मात्र रिकामाच दिसे. माणसाचं असंच असतं, त्याला आपण काय करणार?

त्या सालची मोहर फार दुर्मिळ. शोधता शोधता कळलं, ती खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात आहे. पूर्वी कधीतरी खडकावर आपटलेल्या वलंदेजी जहाजातली माणसं कोळ्यांनी वाचवली, तेव्हा कप्तानाने ती दिली होती. मोहर एक आणि घरं पुष्कळ. म्हणून वाड्याने ती कोणा एकाची ठेवलीच नाही. तिला कडी लावून लाल दोऱ्यात ओवलं, आणि लग्नाच्या दिवशी प्रत्येक नवरी ती गळ्यात घालू लागली. लग्न झालं की मोहर परत बायजाकडे. बायजा ही वाड्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई.

शेटने बदल्यात मूठभर मोहरा देऊ केल्या. बायजा नाही म्हणाली. मग शेटने शब्द दिला की मोहर माझ्या पेटीत राहू दे, लग्न निघालं की मी स्वतः आणून देईन. आता वाड्यातले तांडेल शेटची गलबतं खडकांमधून बंदरात आणत, ती त्याच्या शब्दावरच. कोणाचं बरंवाईट झालं तर त्याचं घर शेट सांभाळे. तो शब्द आजवर मोडला नव्हता. बायजाने मोहर दिली.

पावसाळा सरला आणि वाड्यात लग्न निघालं. शेटने पेटी उघडली, भरलेली ओळ पाहिली, आणि त्याचा हात आखडला. दोरा तुटून मोहर हरवली तर? त्याच्याकडे अलीकडच्या सालची एक जादा मोहर होती. तेच सोनं, तोच शिपाई. तिला सोनाराकडून कडी लावून, जुनकट दोऱ्यात ओवून तो लग्नाला गेला. साल वाचणारं तिथे होतं कोण? शेट अगदी निर्धास्त होता.

बायजाने मोहर घेतली, सवयीने अंगठा फिरवला आणि थांबली. मग सगळ्या मांडवादेखत म्हणाली, "शेट, आमाला साल वाचता येत नाय. पन आमच्या शिपायाला तोंड नाय. आईचं घर सोडताना पोरी घाबरतान, त्याच्यावर अंगठा फिरवतान. फिरवून फिरवून ते झिजलंय. या शिपायाला नाक-डोलं सगलं हाय."

कोणी आवाज चढवला नाही. नवरी मोहरेविनाच बोहल्यावर चढली. शेटला जेवून जा असंही कोणी म्हणालं नाही.

पुढे शेटची गलबतं माल भरून आली आणि खडकांबाहेर उभी राहिली. एकाही तांडेलाने होडी काढली नाही. शेटने दुप्पट मजुरी सांगून पाठवली. उत्तर आलं, "खडकात जीव घालायचा तो शेटच्या शब्दावर. आता कोनच्या शब्दावर घालू?"

वारा वाढला. गलबतं नांगर ओढू लागली, आणि त्यांवर शेटची माणसं होती. शेटला पेटी नकोशी झाली. तो खाडी ओलांडून गेला, बिनतोंडाचा शिपाई बायजाच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी खोटं वागलो. मोहर आता इथेच राहू दे."

बायजाने अंगठा फिरवला आणि तांडेलांकडे पाहून मान हलवली. होड्या निघाल्या. एक गलबत तोवर खडकावर गेलं होतं. त्यातला माल बुडाला, माणसं मात्र कोळ्यांनी एकूणएक काढली.

पुढे पाहुणे विचारत, एवढ्या पेटीत हा एकच खळगा रिकामा का? शेट सांगे, "ती मोहर लग्नाला गेली आहे."

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दिलेला शब्द जो बदलतो, त्याच्या अस्सल सोन्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.