महादू तांबटाचं चाक

आधी पाय पांघरुणात घ्या. केतकी, मीट ते विज्ञानाचं पुस्तक. संध्याकाळपासून घोकतेयस, ऊर्जेचे स्रोत, ऊर्जेचे स्रोत. शिरलंय का डोक्यात काही? मग ऐक. आणि शर्व, सारखा मध्ये बोललास तर मी उठून जाईन, सांगून ठेवते.

तर राजा एक होताच. राजाशिवाय गोष्ट कुठली? हा राजा अमावस्येचा जन्मलेला आणि अंधाराला भ्यायचा. हसतोस काय रे, तू कुठे वेगळा आहेस? दिवेलागण झाली की त्याचे हातपाय गार पडायचे. महालात समया, पणत्या, मशाली, सगळं होतं. तरी कोपऱ्यात काळोख उरायचाच.

त्याच गावात महादू तांबट राहायचा. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. बायको वारलेली, घरात एकटी लेक, तानी. तिला रमवायला महादूनं एकदा गंमत केली. तांब्याची बारीक तार काढली, तिचं वेटोळं केलं, वेटोळ्यात लोहचुंबक बसवलं आणि चुंबकाला चाक लावलं. चाक फिरलं की चुंबक फिरायचं, आणि तारेच्या टोकाला काचेचा एवढासा दिवा लागायचा. तेल नाही, वात नाही! तानी एका बोटानं चाक फिरवायची आणि खिदळायची.

मग काय, राजाच्या कानावर गेलं. शिपाई आले, चाक उचललं, महादूलाही उचललं. राजा म्हणाला, "तू केलंस ना? मग तूच फिरव. थांबलास तर डोकं धडावर राहणार नाही." तानी पाया पडली, रडली. तेव्हा म्हणाला, "जा पोरी, बापाच्या जागी दुसरा कुणी आण. मग ने त्याला घरी."

आता त्या राज्यात एक रीत होती, बरं का. लागलेला दिवा विझवायचा नाही. आपण नाही का, दिवा विझव असं म्हणत नाही, मालव म्हणतो, शांत कर म्हणतो. पण त्यांनी ती रीत फारच ताणली होती. दिव्याला हातच लावायचा नाही, अपशकुन! तेलाचा दिवा होता तोवर ते चालून गेलं, तेल संपलं की तो आपला आपण शांत व्हायचा. या नव्या दिव्याचं तेल संपायचा प्रश्नच नाही. प्रत्येक दिव्यापाशी कळ होती. वर केली की दिवा लागे, खाली केली की मालवे. वर सगळेच करत. खाली करायला कुणाचा हात धजेना.

आणि चाकाची एक खोड होती. जितके दिवे जास्त, तितकं ते जड. एका दिव्याला बोट पुरायचं. राजानं महालभर दिवे लावले, तेव्हा महादूला छाती लावून रेटावं लागलं.

मग तानी निघाली. चालता चालता एका खाणीत उतरली. तिथे जमिनीखाली एक काळा म्हातारा निजला होता. तो होता कोळसा. फार फार पूर्वी तो हिरवंगार जंगल होता म्हणे. गाडला गेला, दबला, काळा पडला. तानी म्हणाली, "कोळसाबाबा, माझ्या बाबांचं चाक फिरवा हो." म्हातारा म्हणाला, "मी जळेन. माझ्यावर पाणी उकळ, त्याची वाफ तुझं चाक फिरवेल. पण माझा धूर कुठे जाणार? तुमचं आभाळ दे मला." तानी म्हणाली, घ्या.

वाफ आली, चाक गरगरा फिरलं. महादूनं पाठ सरळ केली. तानीनं त्याचं बोट धरलं, दोघं दारापर्यंत आली बघा. तेवढ्यात राजा म्हणाला, "अरे वा, आता जोर आहे तर घोड्यांच्या पागेतही दिवे लावा." लावले. चाक जड झालं. वाफ एकटी पुरेना. "बोलवा रे त्या तांबटाला!" महादू परत चाकाला. आणि गावावर काळा धूर तो बसलाच. पोरं खोकायला लागली, वाळत घातलेलं धुणं काळं व्हायला लागलं.

मग तानी नदीकडे गेली. नदी म्हणाली, "मला अडवा, साठवा, मग उंचावरून सोडा. मी पडेन आणि चाक फिरवेन. पण अडवलंत तर मी बसू कुठे? तुमची तांबट आळी दे." तांबट आळीत तानीचं घर होतं, केतकी. दारात तिच्या आईनं लावलेली बकुळ होती. तानीनं एकदा मागे वळून आळीकडे बघितलं. मग म्हणाली, घे बाई.

पाणी चढलं. उंबरा गेला, चूल गेली, बकुळीचा शेंडा दोन दिवस दिसत होता, तोही गेला. नदी चाकावर पडली, महादूचे हात सुटले. आणि राजा काय म्हणाला असेल? बरोब्बर. गडाच्या तटावर दिवे, रानातल्या वाटेवर दिवे. त्या वाटेनं माणूस जात नव्हतं हो कुणी! चाक पुन्हा जड, महादू पुन्हा चाकाला.

मग तानी डोंगरमाथ्यावर गेली, वाऱ्याकडे. वारा चांगला. ना आभाळ मागितलं, ना घर. म्हणाला, "येईन की. पण मला बोलावायचं नाही आणि धरून ठेवायचं नाही. माझ्या मनात असेल तेव्हा मी येणार." तानी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

वारा आला तो सोसाट्यानं. राजा खूश. त्यानं दिवसासुद्धा दिवे लावायचं फर्मान काढलं. उन्हात दिवे नीट दिसेनात, तर महालाला जाड पडदे लावले. काय म्हणालास शर्व, सूर्य राहिला? अरे, सूर्य तर न मागता दारात उभा होता. त्याच्या तोंडावर पडदा ओढला मेल्यांनी.

आणि एके दुपारी वारा पडला. पान हलेना. वाऱ्याच्या वाटणीचे ते सगळे दिवे महादूच्या अंगावर आले. त्यानं एकदा रेटलं, दोनदा रेटलं, आणि तो खाली बसला. तोंडाला फेस आलेला. तानी धावली. तिनं स्वतः चाकाला खांदा लावला. तसूभरही हललं नाही. ती किंचाळली, "आता कुणाकडे जाऊ मी? कोण राहिलंय?"

महादूला धड बोलता येत नव्हतं. म्हणाला, "तानू, तू एका बोटानं फिरवायचीस गं. चाक तेच आहे."

तानी बघतच राहिली. तेव्हा तिला कळलं. काय कळलं? तिनं आभाळ दिलं, घर दिलं, आईची बकुळ दिली, पृथ्वी पालथी घातली, पण एक दिवा मालवावा हे तिच्या मनात आलं नव्हतं. एकदाही नाही. तीही त्याच गावची ना. तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

मग ती उठली. पागेत गेली आणि सगळ्या कळा खाली. तटावर गेली, कळा खाली. रानातल्या वाटेवर गेली, कळा खाली. महालातले पडदे ओढून फाडले, केवढं ऊन आत आलं! बायका तोंडावर हात मारून घेत होत्या, अपशकुन झाला गं बाई! शिपाई तिला धरायलाही भ्याले. एकच दिवा तिनं ठेवला, राजाच्या उशाशी. भित्र्याला झोपायला एक दिवा पुरतो.

मग ती चाकाकडे पळत आली. बोट लावलं. चाक फिरलं! "बाबा, बघा ना, बोटानं फिरतंय!"

महादूनं बघितलं. पण त्याचे हात थांबेनात. चाक सोडलं होतं त्यानं, तरी हात आपले हवेत फिरताहेत, फिरताहेत. असा तांबट राजाच्या काय कामाचा? आणि त्या अपशकुनी पोरीला ठेवणार कोण? दोघांना वेशीबाहेर घालवलं. घर पाण्याखाली. दोघं नदीकाठी बसली. तानी त्याचे हात हातात घट्ट धरून ठेवायची. घास भरवायला सोडले की पुन्हा फिरायला लागायचे. पुढे तो होता तोवर ती तशीच बसली.

राजा? राजा सुखानं नांदला की. दुसऱ्या दिवशी सगळे दिवे पुन्हा लावले आणि चाकाला दुसरा माणूस लावला.

कोण माणूस? मला काय माहीत, केतकी. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. त्यालाही लेक असेल.

अगं, रडतेस काय? मी तरी काय करू, गोष्ट अशीच आहे. माझ्या आजीनं मला रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात गोड गोष्टी सांगितल्या, तेव्हा घरात चिमणी एकच होती.

आणि तू कुठे निघालास रे उठून? न्हाणीघरात? दिवा तसाच राहिलाय म्हणतोस? तो तर तूच रोज मुद्दाम ठेवतोस, भीती वाटते म्हणून. बरं, जा. पॅसेजमधलाही मालव. थांब, मी येऊ का? नको? बरं.

आलास? किती गार पडलेत हात तुझे. दे इकडे, माझ्या हातात दे. नाही रे, तानीचे बाबा काही परत यायचे नाहीत त्यानं. पण त्या दुसऱ्या माणसाचं चाक एवढंसं हलकं झालं असेल. आता उशाशी हा एक दिवा राहू दे. तुला झोप लागली की मी मालवते.