ओर्लेनचे कारंजे कोणी घासायचे

ओर्लेन शहरात उतरलेल्या पाहुण्याला घरमालक पहिल्याच दिवशी बजावतो : चौकातल्या कारंज्यात हात बुडवू नका, काठावर बूट टेकू नका, ते पिण्याचे पाणी आहे. एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारलेच, तर म्हातारी माणसे मार्गेताची हकिगत सांगतात.

मार्गेता विधवा होती. त्या साली शहरात तापाची साथ पसरली होती आणि घरोघरच्या आजाऱ्यांना ती या कारंज्याचे पाणी नेऊन पाजत असे. त्यातच तिथल्या सरदाराच्या मुलीचे लग्न निघाले. दूरदेशीचे वऱ्हाड चौकात उतरले, आणि त्यांनी चिखलाने माखलेले बूट थेट कारंज्यात खळबळले. वर शिकारी कुत्रीही त्यातच धुतली. घडा घेऊन आलेली मार्गेता ओरडली,

“अहो, आजाऱ्यांच्या तोंडी जायचं पाणी आहे हे!”

वऱ्हाडातला बडा उमराव हसला. “मग काढ उपसून. तुम्ही लोक आहात कशाला?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून संताप आला तो शेजाऱ्यांचा. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून ते मुकाट्याने कुंचे घेऊन धावले होते! ती त्यांच्या आडवी आली.

“खबरदार! ज्यानं घाण केली त्यानंच घासायचं. तोवर माझ्या घशाखाली थेंब उतरणार नाही.”

त्याच संध्याकाळी झरा आटला, असे सांगतात. सरदाराच्या गढीला पाणी त्याच झऱ्याचे. लग्नघर कोरडे पडले. आजाऱ्यांसाठी बायका लांबच्या नदीवरून पाणी आणू लागल्या आणि उरल्या वेळी रिकामे घडे घेऊन, कारंज्यापाशी तहानेने खंगत बसलेल्या मार्गेताभोवती बसू लागल्या. उमरावाने घासायला नोकर पाठवले. तिने ते परत धाडले. मग तिला हटवायला शिपाई पाठवले. पण त्या बायकांना तुडवून पुढे जायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी नवरी मुलगीच म्हणाली, “ते घासल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही.”

तेव्हा कुठे उमराव रेशमी बाह्या सारून गुडघ्यांवर बसला. शेवटचा डाग निघाला तसे पाणी उसळले म्हणे. बायकांनी पहिली ओंजळ मार्गेताच्या तोंडाला लावली. ती तिच्या ओठांवरून तशीच ओघळून गेली; मार्गेताचा प्राण आधीच गेला होता.

आजही कोणी परका त्या पाण्यात पाय सोडून बसला, तर ओर्लेनकर ओरडत नाहीत. त्याच्या हातात कुंचा देतात आणि भोवती रिकामी भांडी घेऊन उभे राहतात. तो घासून उठेपर्यंत त्या चौकात कोणी घोटभर पाणी पीत नाही.