पैलतीरी कोण?

एका राज्यात न्याय फार चोख होता. इतका चोख, की त्यात माणसाला शिरायला फटच उरली नव्हती. कुणावर दावा लागला, की दरबारातली साळुंकी उडत जाऊन त्याच्या दारी वर्दी देई. नगारा तीनदा वाजेपर्यंत जो हजर झाला नाही, त्याचा बाजू मांडण्याचा हक्क गेला.

त्या राज्याच्या नदीवर येसाई नावाची नावेकरीण होती. धुक्यात ती काठावरून साद घाली आणि चुकलेल्या नावा तिच्या आवाजामागे घरी येत. एका पुरात तिची नाव वाहून गेली. तिने विक्राळ नावाच्या जादूगाराकडून नाव उसनी घेतली आणि तारण म्हणून आपला आवाज दिला. त्याने तो शंखात भरला. ती नावही खडकावर फुटली, तेव्हा येसाईने स्वतः नवी बांधून त्याच्या घाटावर पोचती केली. शंख मात्र परत मिळाला नाही. उलट विक्राळने दावा लावला, 'नाव बुडवली, आता आवाज माझा.'

घाटावर दाव्याची कुणकुण लागताच येसाई धावत दरबारी आली, तेव्हा नगारा वाजून गेला होता. त्याच पहाटे तिचा नवरा दुसऱ्याच्या नावेवर धुक्यात गेला होता, आणि त्याला साद घालायला तिच्याजवळ आवाज नव्हता.

"साळुंके, हिला वर्दी दिलीस?" राजा उदयभानाने विचारले.

"दिली, महाराज. घरी कोणी नव्हते, म्हणून दाराच्या कडीला सांगितले."

"नियमात बसते," प्रधान म्हणाले. कडीला कान नसतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

गेलेला हक्क परत मिळवायला तीन गोष्टी लागत: वर्दी देणाऱ्या पाखराचे पीस, एक साक्षीदार, आणि स्वतःच्या आवाजात मागितलेली परवानगी. साळुंकीने ओशाळून आपणच पीस उपटून दिले. साक्षीला म्हातारा धाकू कोळी उभा राहिला. तिसऱ्या गोष्टीपाशी येसाईचे डोळे भरून आले.

विक्राळ हसला. "नियम म्हणजे नियम. महाराज, निकाल द्या."

"तारण समोर ठेवल्याशिवाय निकाल नाही," राजा म्हणाला. "तोही नियमच."

विक्राळने खुशीत शंख मांडला.

आता नावेकऱ्यांचा एक रिवाज आहे. साद आली की उत्तर द्यायचेच, मग तोंडात घास का असेना. धाकूने तोंडाशी हात धरले आणि भर दरबारात साद घातली, "पैलतीरी कोण होऽ?"

शंखातून उत्तर आले, "मी येसाई होऽ! मला बोलायचंय!"

प्रधानांनी डोके खाजवले. आवाज तोंडातूनच यावा, असे नियमात कुठे नव्हते.

"परवानगी आहे," राजा म्हणाला. "बोल, बाई."

"नाव मी फेडली, महाराज. तिलाच बोलावते."

शंखातून साद गेली. विक्राळच्या तळ्यात लपवलेली नाव साखळी तोडून नदीत उतरली आणि दरबाराच्या पायरीला येऊन लागली. तुटक्या साखळीवर विक्राळचा शिक्का होता.

खोटे उघडे पडताच शंख फुटला. आवाज आपल्या घरी गेला. विक्राळला त्या दिवसापासून खोटे बोलता येईना, आणि दुसरे काही बोलायची सवय नसल्याने तो गप्पच राहिला.

येसाई निकाल ऐकायला थांबली नाही. ती घाटावर धावली आणि जीव ओतून साद घातली. बराच वेळ नुसते धुके. मग आतून आवाज आला, "आलो गंऽ!"

तिच्यामागोमाग आलेल्या राजाने तो घाटावरून ऐकला. तेव्हापासून त्या दरबारात नगारा वाजण्याआधी चोपदार विचारतो, "पैलतीरी कोण होऽ?" आणि उत्तर येईपर्यंत नगाऱ्याला कोणी हात लावत नाही.