गायीने ओळखलेले दार

मंडळी, चौकात जरा कडेला उभे राहा. आल्प्सच्या कुशीतल्या आमच्या ओबेरमाट गावात, मे महिन्यात गायी वरच्या कुरणावर नेण्याआधी इथे मोकळ्या सोडतात. धन्याच्या दारात जाईल ती वर जाते. दार चुकेल ती उन्हाळाभर खाली राहते. हसू नका, या रीतीला सहाशे वर्षे झाली म्हणे.

तेव्हा कुरण सगळ्या गावाचे होते, म्हणजे कोणाचेच नव्हते. कोन्राड नावाचा बडा शेतकरी वसंतात बाजारातून तीस गायी आणून वर सोडायचा. जुलैतच गवत संपायचे आणि एकेक गाय बाळगणाऱ्या घरांतले दूध आटायचे. अखेर व्हेरेना नावाच्या विधवेने पंचांना तोड सुचवली. हिवाळाभर जी गाय आपल्या वैरणीवर पोसली, तीच वर न्यावी. माणूस खोटे बोलेल, गाय बोलणार नाही; तिला सोडा, ती आपला गोठा दाखवील.

ठरल्या दिवशी कोन्राडच्या तीसही गायी चौकातच घुटमळल्या. लोक खूश झाले. एवढ्यात व्हेरेनाची एकुलती एक गाय तिच्या घरावरून पुढे गेली आणि सरळ कोन्राडच्या गोठ्यात शिरली.

फेब्रुवारीत व्हेरेनाची वैरण संपली होती. कोन्राडने गाजावाजा न करता तिची गाय दोन महिने सांभाळली होती. जुन्या सवयीने ती घरीच येईल, अशी व्हेरेनाला आशा होती, माणूसच ती.

कोन्राड म्हणाला, “बाई, एका गायीने कुरण संपत नाही. जाऊ द्या तिला.” पंचांनीही माना डोलावल्या.

“आज माझी एक सोडली, तर तुमच्या तीस कोणत्या तोंडाने अडवू?” व्हेरेना म्हणाली.

तिची वर्षाची बेगमी त्या दुधावर होती. गाय घरी नेताना ती रडत होती, असे सांगतात. कोन्राडला खरेच वाईट वाटले. त्याने तीसही गायी बाजारात परत धाडल्या आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या शेतातल्या हिरव्या गवताचा भारा पाठीवरून आणून तिच्या दारात टाकला. ते पाहून घराघरातून भारे आले. व्हेरेनाची गाय त्या वर्षी आटली नाही.

आजही दार चुकलेल्या गायीला सारे गाव चारा देते, आणि ती ज्याच्या दारात गेली त्याचा भारा पहिला असतो. हिवाळ्यात कोणी कोणाची अडचण गुपचूप निभावली, हे असे चारचौघांत उघडे पडते. गेल्या वर्षी शेजारच्या आग्नेसची गाय माझ्या दारात आली. भारा वाहताना पाठ मोडली, पण गावभर हिंडून, लांबच्या वाटेनेच नेला.